जुन्या टीममध्ये नवा टेक्निकल हेड: पहिल्या तीन महिन्यांत काय करावं, कशाला हात लावू नये?

तांबडी_माती

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत (लोखंडाच्या ओतशाळेत) टेक्निकल हेड म्हणून रुजू होतोय. ग्रे आयर्न आणि एसजी (गोल ग्रॅफाइटचं लोखंड) दोन्ही ओततात. दोन इंडक्शन फर्नेस, एक हाय प्रेशर मोल्डिंग लाइन, स्वतःची सँड लॅब, शेजारी छोटं मशीन शॉप. टीम जुनी आणि एकमेकांना धरून असलेली. मेल्टिंगचे मिस्त्री, कोअर शॉप, पॅटर्न शॉप, सगळ्यांची निम्मी नोकरी तिथंच गेली आहे. बाहेरून येणारा मी एकटा.

मालकांचं म्हणणं एकच, रिजेक्शन खाली आणा. मेल्टिंगचे इन्चार्ज स्वतः या जागेवर येतील असं सगळे धरून होते, हेही कानावर आलंय. पहिल्या तीन महिन्यांत नेमकं काय करावं, कशाला हात लावू नये आणि बदल करायचाच तर कोणत्या क्रमानं, हे जाणकारांनी सांगावं.

खानापूर_रोड

अभिनंदन. पहिलं काम: रिजेक्शनचा जो आकडा तुमच्या हातात देतील तो कसा काढलाय ते विचारा. त्याआधी कुठलाही बदल नको.

नगावर काढला की वजनावर, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. समजा महिन्यात २ किलोचे १००० नग आणि १०० किलोचे २० नग ओतले. लहानातले २० गेले, मोठ्यातले ४ गेले. नगावर रिजेक्शन २.४ टक्के. वजनावर ४००० किलोतले ४४० किलो, म्हणजे ११ टक्के. मालक एक आकडा बोलत असतील, इन्चार्ज दुसरा, आणि दोघंही खरं बोलत असतील. हे मिटल्याशिवाय पहिली मीटिंगच घेऊ नका.

दुसरं, तारीख. गिऱ्हाइकाकडून मशीनिंगनंतर परत येणारं कास्टिंग तीन ते सहा आठवड्यांपूर्वी ओतलेलं असतं. रिपोर्ट मात्र परत आलेल्या महिन्यात लागतो. तुम्ही रुजू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात वाळूत काही बदललंत आणि त्या महिन्याचा आकडा खाली आला, तर त्याचा तुमच्या बदलाशी काही संबंध नाही. वर गेला तरी नाही. म्हणून मागच्या सहा महिन्यांचं सगळं रिजेक्शन हीट कोड (कास्टिंगवर उमटवलेली, ते कधी ओतलं ते सांगणारी खूण) बघून ओतल्याच्या तारखेवर परत मांडा. काम कंटाळवाणं आहे, क्लार्कला देऊ नका, स्वतः बसा. त्या मांडणीत कुठला जॉब, कुठली शिफ्ट, कुठला दोष हे आपोआप वर येतं. बहुतेक ठिकाणी चार-पाच जॉबच निम्म्याहून जास्त नुकसान करत असतात.

शिफ्ट_तिसरी

पहिल्या पंधरवड्यात तिन्ही शिफ्टला उभे रहा. साहेब असताना चालते ती प्रोसेस वेगळी आणि पहाटे साडेतीनला चालते ती वेगळी. रात्री सँड लॅबचा माणूस असतो का, नसेल तर मिक्सरवर पाणी कोण ठरवतो, एवढं बघितलं तरी निम्मं कळतं.

घटप्रभा

खानापूर_रोड, सहा महिन्यांचे आकडे मांडत बसायला मालक वेळ देतील का? बाहेरून माणूस आणतात तेव्हा त्यांना महिनाभरात काहीतरी दिसायला हवं असतं. दोन महिने नुसतं बघत राहिलेल्या साहेबाला टीमसुद्धा मोजत नाही. पहिल्या आठवड्यात एक ठोस निर्णय घ्यावा, सगळ्यांना कळावं की कुणीतरी आलंय.

लॅबवाली

घटप्रभा दादा, निर्णय घ्यायला हरकत नाही. पण फाउंड्रीत बाहेरून चुकीच्या वाटणाऱ्या बऱ्याच सवयींमागे धातुशास्त्र असतं, आणि ते कुठं लिहिलेलं नसतं. अशा चार सवयी सांगते, तांबडी_माती यांना त्या पहिल्याच आठवड्यात दिसतील.

एक. एसजीचा लॅडल (रस ओतायचं भांडं) पूर्ण रिकामा न करता शेवटचा रस, म्हणजे वितळलेलं लोखंड, पिग मोल्डमध्ये (उरलेल्या रसाच्या साच्यात) ओततात. हिशेबाच्या माणसाला ही नासाडी वाटते. पण मॅग्नेशियम ट्रीटमेंटनंतर साधारण ८ ते १० मिनिटांत मॅग्नेशियम उतरतं. शिल्लक मॅग्नेशियम ०.०३५ टक्क्यांच्या खाली गेलं की ग्रॅफाइट गोल राहत नाही. शेवटचे दोन बॉक्स (वाळूचे साचे) भरायला लावले तर तेच कास्टिंग गिऱ्हाइकाकडे तुटतं, आणि ते मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय कळत नाही.

दोन. चहाच्या सुट्टीत रस फर्नेसमध्ये थांबला की मिस्त्री टॅपिंगच्या (रस बाहेर काढायच्या) आधी थोडं पिग आयर्न (कच्चं लोखंड) टाकतात. स्पेक्ट्रोवर (रसातले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) केमिस्ट्री बरोबर असते, मग कशाला, असा प्रश्न पडेल. जास्त तापमानावर रस बराच वेळ थांबला की ग्रॅफाइट सुरू व्हायला लागणारी केंद्रं नाहीशी होतात. केमिस्ट्री तीच राहून कडा पांढऱ्या पडतात, मशीनिंगला टूल तुटतात.

तीन. महाग कार्बुरायझरच (रसात कार्बन वाढवायची पूडच) पाहिजे असा हट्ट. स्टील स्क्रॅप वाढवलं की कार्बुरायझर जास्त लागतो, आणि स्वस्त मालात नायट्रोजन जास्त असतो. ग्रे आयर्नमध्ये नायट्रोजन १०० पीपीएमच्या आसपास गेला की जाड भागात फटीसारखे दोष येतात. त्याला सगळे ब्लो होल (वायूमुळे पडलेली पोकळी) समजून वाळूला दोष देत बसतात.

चार. स्पेक्ट्रो असूनही वेज (पाचरीच्या आकाराचा छोटा नमुना) पाडून तोडून बघणं. स्पेक्ट्रो रसात काय आहे ते सांगतो. रस गोठताना कसा वागेल ते वेजची पांढरी खोली सांगते. ही दोन वेगळी उत्तरं आहेत, वेज बंद करू नका.

म्हणून कुठलीही सवय बंद करण्याआधी ती पाळणाऱ्यालाच विचारा, "हे नाही केलं तर काय होतं?" 'का करता' असं विचारलं की माणूस बचावाला उभा राहतो. 'नाही केलं तर' असं विचारलं की तो अनुभव सांगतो.

घटप्रभा

ताई, पटलं. पण सगळ्याच सवयींना कारण असतं असं नाही. काही नुसत्या पडून गेलेल्या असतात.

लॅबवाली

असतात की. स्टील स्क्रॅपचं प्रमाण वाढवलं, गंधक ०.०५ च्या खाली आलं, तरी मँगनीज जुन्या सवयीनं ०.७ ठेवलेलं असतं. ग्रे आयर्नला मँगनीज साधारण गंधकाच्या १.७ पट अधिक ०.३ एवढं लागतं. गंधक ०.०८ असेल तर ०.४४ च्या आसपास. चार्ज बदलला, नियम मात्र जुना राहिला. अशी सवय बदलायलाच हवी. पण दोन्हीतला फरक विचारल्यावरच कळतो.

जुना_पॅटर्न

आता मेल्टिंग इन्चार्जबद्दल. हा विषय टाळू नका, आणि तिसऱ्या माणसामार्फत तर मुळीच बोलू नका. पहिल्या दोन दिवसांत त्यांच्या जागेवर जाऊन, त्यांच्या फर्नेसपाशी, सरळ बोला. "ही जागा तुम्हाला मिळेल असं सगळ्यांना वाटत होतं, मला माहीत आहे. मेल्टिंगमधले निर्णय तुमचेच राहतील. मला काही वेगळं वाटलं तर आधी तुमच्याशी बोलेन, मग मीटिंगमध्ये." एवढं पुरे. आणि ते पाळा. एकदा जरी मालकांसमोर त्यांना न विचारता त्यांच्या विभागाबद्दल बोललात की पुढची दोन वर्षं दुरुस्त होत नाही.

त्यांना एखादं खरं काम द्या, ज्याचं श्रेय त्यांच्याच नावावर जाईल. उदाहरणार्थ लायनिंगचं (फर्नेसच्या आतल्या अस्तराचं) आयुष्य. किती हीटनंतर पॅचिंग, सिंटरिंग कसं केलं, कुठल्या बाजूला झीज जास्त, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं. लायनिंगची जाडी नियमित मोजून तक्ता त्यांनी लावायचा, मालकांपुढे मांडायचाही त्यांनीच.

निपाणीकर

घरी जाऊन भेटलं तर? आपल्याकडं चहा-चिवड्यावर जे बोलणं होतं ते ऑफिसात होत नाही.

जुना_पॅटर्न

नंतर जरूर जा, सणावाराला जा. पण पहिलं बोलणं शॉपमध्येच हवं, निपाणीकर. नवा साहेब रुजू झाल्याझाल्या एकाच्याच घरी गेला ही बातमी दुसऱ्या दिवशी कोअर शॉपपर्यंत पोचते, आणि बाकीचे आपापला अर्थ लावतात.

वाघवडे_मेंटेनन्स

वर थांबा, विचारा, मोजा असं सगळे सांगतायत. माझं एका बाबतीत स्पष्ट मत आहे. जिवाशी खेळणाऱ्या गोष्टी पहिल्याच दिवशी थांबवायच्या. तिथं कुणाची सवय, कुणाचा मान बघायचा नाही.

फर्नेसखालचा खड्डा कोरडा आहे का ते बघा. वितळलेला रस पाण्यावर पडला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस उडतो. पावसाळ्यात, जमिनीतनं पाझर येणाऱ्या जागी खड्ड्यात पाणी साठतं आणि रोज पंप लावून काढतात. पंप बंद पडलेल्या दिवशी काय, हे विचारा.

ग्राउंड लीकेज डिटेक्टर चालू आहे की सारखा ट्रिप होतो म्हणून बायपास केलाय? बायपास असेल तर फर्नेस बंद. रस लायनिंगमधून कॉइलकडे निघालाय हे सांगणारी पहिली खूण तीच असते.

हेस्कॉमची (वीज कंपनीची) लाइन गेली तर कॉइलला पाणी कुठून येतं? वरच्या टाकीतनं उताराने येत असेल तर व्हॉल्व्ह स्वतः फिरवून बघा, गंजून बसलेला असू शकतो. डिझेल पंप असेल तर तो सुरू करून दाखवायला सांगा.

स्क्रॅपमध्ये बंद पाइप, जुने शॉक ॲब्सॉर्बर, तोंड बंद असलेले डबे येतात का? आत पाणी किंवा तेल अडकलेलं असतं, फर्नेसमध्ये पडलं की फुटतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडचा पाऊस बघता स्क्रॅप शेडखालीच हवं. आणि लॅडल लाल होईपर्यंत तापवल्याशिवाय रस घ्यायचा नाही, घाईची ऑर्डर असली तरी.

यातलं काही चुकीचं दिसलं तर त्याच क्षणी थांबवा. घटप्रभा म्हणतात तो पहिल्या आठवड्यातला ठोस निर्णय हाच असू दे.

घटप्रभा

हे शंभर टक्के मान्य. मला ठोस निर्णय म्हणजे असंच काहीतरी म्हणायचं होतं.

टिळकवाडी_कोडर

फाउंड्रीतलं मला कळत नाही, सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण वाचताना जाणवलं की प्रश्न तोच आहे. आमच्याकडे नवा टेक लीड येतो आणि पहिल्या महिन्यात "हे सगळं परत लिहूया" म्हणतो. जुन्या कोडमधल्या विचित्र दिसणाऱ्या अटी बऱ्याचदा कुठल्यातरी गिऱ्हाइकाच्या विचित्र डेटासाठी घातलेल्या असतात. त्यामुळे काही काढण्याआधी गिटमध्ये (कोडमधल्या बदलांच्या नोंदीत) ती ओळ कधी, कोणत्या कारणाने आली ते बघायचं, आणि लिहिणारा अजून टीममध्ये असेल तर त्याला विचारायचं.

शेवटच्या दहा-पंधरा बिघाडांचे रिपोर्ट वाचायचे. रिपोर्ट लिहितच नसतील तर तीच पहिली माहिती. वर्षभरात सगळ्यात जास्त वेळा बदललेल्या फाइल्स काढायच्या, दुखणं तिथंच असतं. आणि एक अगदी लहान बदल स्वतः करून तो रिव्ह्यू, टेस्ट, रिलीज अशा सगळ्या वाटेनं प्रॉडक्शनपर्यंत न्यायचा. वाट कुठं अडते ते नव्या माणसालाच दिसतं, जुन्यांना त्या अडचणीची सवय झालेली असते. जे अडलं ते पहिल्या दिवसापासून लिहून ठेवायचं, महिन्यानंतर ते आपल्यालाही दिसेनासं होतं.

खानापूर_रोड

कोडर साहेब, तुमचा शेवटचा मुद्दा फाउंड्रीला जसाच्या तसा लागतो. एका कास्टिंगच्या मागे स्क्रॅप यार्डपासून डिस्पॅचपर्यंत चालत जावं. कुठं थांबलं, किती वेळ, कुणी उचलून बाजूला ठेवलं, कुठल्या कागदावर काय लिहिलं. फेटलिंगच्या (कास्टिंग साफ करण्याच्या) आधी तीन दिवस ढीग पडून राहिला तर सँड ड्रॉप (साच्यातली वाळू सुटून पडणं) होतोय हे मोल्डिंगला तीन दिवस उशिरा कळतं, आणि तोवर तशाच शेकडो बॉक्सचं ओतकाम होऊन गेलेलं असतं.

मच्छे_सीएनसी

मशीन शॉप पण आहे म्हणताय म्हणून लिहितो. पहिल्या आठवड्यात सगळ्या सीएनसी मशीनचे प्रोग्राम, ऑफसेट आणि पॅरामीटर यांचा बॅकअप घ्या. यात कुणाचं काही बदलत नाही, कुणी दुखावत नाही, आणि न घेतल्याची किंमत फार मोठी आहे. कंट्रोलरची मेमरी बॅटरी संपली की सगळं पुसलं जातं. बॅटरी बदलताना मशीनची पॉवर चालू ठेवायची, हे लिहून मशीनवर चिकटवा.

मग मशीनमधला प्रोग्राम आणि सर्व्हरवरचा प्रोग्राम शेजारी ठेवून बघा. फरक सापडतोच. सर्व्हरवर फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) ०.२५, मशीनवर ०.१८. तो ऑपरेटर आळशी आहे असं समजू नका. बहुतेक वेळा त्या जॉबची कातडी कडक येते, कडा पांढऱ्या पडलेल्या असतात, आणि टूल वाचवायला त्यानं फीड उतरवलेला असतो. म्हणजे लॅबवाली ताईंचा दुसरा मुद्दा तुमच्या मशीनच्या मेमरीत लिहिलेला सापडतो. फीड उतरवलेल्या जॉबची यादी काढून मेल्टिंगला दिलीत तर दोन विभाग पहिल्यांदा एकाच कागदावर बोलतील.

लॅबवाली

मच्छे_सीएनसी, उत्तम! ही यादी प्रत्येक फाउंड्रीनं काढावी.

अनगोळ_क्यूए

रिजेक्शनच्या आकड्याबद्दल एक पुरवणी. आकडा तारखेवर मांडलात तरी तो ठरवणारी माणसं सारखी ठरवतात का? एकाच दोषाचे बरे-वाईट मिळून ३० कास्टिंग घ्या, मागे नंबर टाका, मिसळून प्रत्येक इन्स्पेक्टरला स्वतंत्रपणे दोनदा दाखवा. पास-रिजेक्टचा निर्णय एकाचाच दोनदा वेगळा येतो का, दोघांचा एकमेकांशी जुळतो का बघा. जुळत नसेल तर आधी सीमेवरचे नमुने ठेवून एक बोर्ड करा: इथपर्यंत पास, इथून रिजेक्ट. मापाच्या बाबतीत नेहमीचा गेज आर अँड आर (मोजमापातच किती फरक पडतो ते तपासणं), १० नग, ३ माणसं, प्रत्येकी २ किंवा ३ वेळा. १० टक्क्यांच्या आत असेल तर गेज चांगला, ३० च्या वर असेल तर त्या गेजच्या जिवावर कुणाला दोष देऊ नये.

नव्या माणसासाठी हे काम आणखी एका कारणानं सोयीचं. यात कुणाची चूक काढली जात नाही, आणि इन्स्पेक्टर मंडळींना बऱ्याच वर्षांनी कुणीतरी त्यांच्या कामाकडे नीट बघतंय असं वाटतं.

शिफ्ट_तिसरी

भाषेबद्दल कुणीच बोललं नाही. आपल्या शॉपमध्ये मिस्त्री मराठी, मोल्डिंगला कन्नड बोलणारी पोरं, फेटलिंगला ठेकेदाराची हिंदी बोलणारी माणसं. ऑफिसातनं जे वर्क इन्स्ट्रक्शन लागतात ते इंग्रजीत. वाचतो कोण? बोर्ड तीन भाषांत करा, शब्द कमी, फोटो जास्त. बरोबरचा एक फोटो, चुकीचा एक.

आणि आणीबाणीचे शब्द सगळ्यांना सगळ्या भाषांत यायला हवेत. क्रेनखाली उभ्या माणसाला 'थांब' ऐकू येऊन उपयोग नाही जर त्याला फक्त 'निल्लु' किंवा 'रुको'च कळत असेल तर. नव्या हेडला कन्नड येत नसेल तर शंभरेक शब्द शिकावेत, नीरु (पाणी), बिसी (गरम), निधान (सावकाश) इथपासून. पोरं मनापासून शिकवतात.

निपाणीकर

आणि कॅलेंडर! जुलैमध्ये रोप लावणी, तेव्हा बेळगाव आणि खानापूर तालुक्यातली माणसं शेतात असणार. गावच्या जत्रेला तर हजेरी अर्ध्यावर. जत्रेच्या दिवशी ट्रायल ठेवलीत तर जेवणाचं आमंत्रण मिळेल, माणसं मिळणार नाहीत. 😄

वाघवडे_मेंटेनन्स

हसू नका, हे खरंच नियोजनात घ्यायचं. लायनिंग बदलणं, लाइनची मोठी दुरुस्ती अशा दिवसांतच टाकायची. आणि त्या दिवसांतलं रिजेक्शन वेगळं बघायचं, कारण तेव्हा बदली माणसं उभी असतात.

तांबडी_माती

सगळ्यांचे मनापासून आभार, वहीची कितीतरी पानं भरली. आता ठरवलंय ते असं: पहिल्या दिवशी वाघवडे_मेंटेनन्स यांनी सांगितलेली फर्नेसची तपासणी, दोन दिवसांत इन्चार्जशी बोलणं, पंधरा दिवस तिन्ही शिफ्ट, सोबत रिजेक्शन ओतल्याच्या तारखेवर मांडणं आणि मशीनचा बॅकअप. बदल त्यानंतर.

दोन शंका. ट्रायल घेतली तर किती नग बघून 'बदल लागू पडला' म्हणायचं? आणि टीमची एखादी छोटी कटकट आधी सोडवावी असं ठिकठिकाणी वाचतो, ती कशी निवडायची?

खानापूर_रोड

नगांचा हिशेब सोपा आहे. दोष आत्ता ४ टक्के येत असेल आणि तुम्ही ५० नग ओतून एकही खराब निघाला नाही, तरी काहीच बदललेलं नसताना असं होण्याची शक्यता १३ टक्के असते. ७५ नगांवर ती ५ टक्क्यांच्या खाली येते, १०० वर २ च्या खाली. म्हणून ४ टक्क्यांच्या दोषासाठी ७५ ते १०० सलग चांगले नग. दोष १ टक्काच असेल तर तीनशे लागतील. वीस नगांवर टाळ्या वाजवून प्रोसेस बदलू नका.

एका वेळी एकच बदल. ट्रायलच्या नगांवर हीट कोडबरोबर वेगळी खूण ओता, फेटलिंगमध्ये खडूची खूण पुसली जाते. त्याच शिफ्टला जुन्या पद्धतीचेही नग ओता, नाहीतर त्या दिवशी वाळूच चांगली होती की बदल चांगला, ते कळणार नाही.

लॅबवाली

एक दुरुस्ती. पॅटर्नवर (साच्याच्या नमुन्यावर) चार कॅव्हिटी, म्हणजे एका बॉक्समध्ये चार नगांच्या जागा, असतील तर १०० नग म्हणजे २५ च बॉक्स. वाळूचा, तापमानाचा दोष बॉक्सगणिक येतो, तेव्हा बॉक्स मोजा. आणि दोष ठरावीक कॅव्हिटीतच येत असेल तर तो वाळूचा नाहीच, रनर (रस जायची वाट) किंवा व्हेंट (हवा जायची वाट) बघा. त्यासाठी कॅव्हिटी नंबर कास्टिंगवर उमटतो ना, हे आधी पक्कं करा.

अनगोळ_क्यूए

गेटिंग (रसाच्या वाटा), रायझर (गोठताना रस पुरवणारा साठा), चार्ज किंवा पॅटर्नमध्ये बदल करायचा असेल तर आधी गिऱ्हाइकाशी झालेला करार आणि पीपॅप फाइल (गिऱ्हाइकानं जॉब मंजूर केल्याची कागदपत्रं) काढा. ऑटोमोबाइलच्या जॉबला बहुतेक वेळा आधी कळवून मंजुरी घ्यावी लागते. न कळवता केलेला चांगला बदलसुद्धा ऑडिटमध्ये मेजर (गंभीर त्रुटी) ठरू शकतो. वाळूची ओल किंवा ओतण्याचं तापमान कंट्रोल प्लॅनच्या मर्यादेत हलवायला मोकळीक असते, सुरुवात तिथून करा. चुकलं तर त्याच शिफ्टला परतता येतं.

जुना_पॅटर्न

कटकट निवडायची ती अशी: रोज होते, पैसे कमी लागतात, आणि वर्षानुवर्षं सांगूनही कुणी ऐकलेलं नाही. पॅटर्नच्या गाइड पिन आणि बुश झिजलेले असतात. मोल्डर रोज मिसमॅचसाठी (साच्याचे दोन भाग न जुळल्याबद्दल) बोलणी खातो आणि त्याच्या हातात काही नसतं. पिन-बुश बदला, जुन्यांसाठी गो-नोगो गेज (माप चालेल की नाही एवढंच सांगणारा) द्या आणि मोल्डरला अधिकार द्या की गेज गेला तर त्यानं पॅटर्न खाली उतरवायचा. हा शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. नवा पंखा बसवला तर आठवडाभर आठवतो, असा अधिकार दिला तर माणूस पुढच्या वेळी स्वतःहून दोष दाखवायला येतो.

घटप्रभा

माझा मुद्दा मी थोडा बदलतो. मालकांना महिनाअखेर काय दाखवायचं, तर खानापूर_रोड यांची तारखेवरची मांडणी, त्यातले वरचे पाच जॉब, आणि प्रत्येकासमोर दोष, संशयित कारण, ट्रायलची तारीख, जबाबदार माणूस. आकडा खाली यायला सहा ते आठ आठवडे का लागतील तेही तिथंच लिहून सांगा. सुरुवातीलाच सांगितलं तर ते नियोजन असतं, नंतर सांगितलं तर सबब वाटते.

तांबडी_माती

घटप्रभा, हे फार उपयोगी. शेवटचं एक: सँड लॅबचे आकडे बघायला मिळाले. ओल ३.४ टक्के, कॉम्पॅक्टिबिलिटी (वाळू दाबल्यावर किती खाली बसते) ४० टक्के, सगळं मर्यादेत. तरी तक्रार सँड ड्रॉपचीच. कुठून बघू?

लॅबवाली

नमुना कुठून घेतात ते बघा. मिक्सरच्या तोंडाशी घेत असतील तर आकडे चांगलेच येणार. मोल्डिंग मशीनच्या हॉपरवरून घ्या, आणि त्याच वेळी वाळूचं तापमानही मोजा. परत येणारी वाळू ४५ अंशांच्या वर असेल तर मिक्सरपासून मशीनपर्यंत जाताना बेल्टवरच ओल उडते. हॉपरवर कॉम्पॅक्टिबिलिटी ३४-३५ सापडली तर उत्तर मिळालं: कडा कोरड्या पडतात, साचा बंद करताना वाळू सुटते. सकाळी पहिल्या तासात दोष कमी आणि दुपारपासून वाढत जातो का, हे तुमच्या हीट कोडच्या मांडणीतही दिसेल. तसं असेल तर मिक्सरवर आणखी पाणी घालू नका, ब्लो होल सुरू होतील. शेकआउटनंतर वाळू थंड व्हायला वेळ द्या, कूलरमधला फवारा आणि हवा तपासा, आणि सिस्टिममध्ये एकूण वाळू कमी पडतेय का ते बघा. वाळू कमी असली की तीच तीच भराभर फिरते आणि थंड व्हायला उसंत मिळत नाही.

खानापूर_रोड

आणि नमुन्याची जागा बदलण्याआधी आठवडाभर दोन्हीकडून घ्या. जागा एकदम बदलली तर तक्त्यावर कॉम्पॅक्टिबिलिटी धाडकन पडलेली दिसेल, आणि लॅबच्या माणसाला नाहक जाब विचारला जाईल.